केशरेषेतील असमानता आणि केशरोपण शस्त्रक्रिया : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

कपाळावरील केसांची कड एका बाजूने मागे सरकणे, कानशिलाजवळ खाच पडणे किंवा दोन्ही बाजूंत फरक दिसणे या तक्रारीवर केशरोपण शस्त्रक्रिया हा उपाय अलीकडे सर्वत्र सुचविला जातो. प्रस्तुत लेखात केशरेषेची नैसर्गिक रचना, असमानतेची कारणे, केशरोपणाचे शास्त्रीय तत्त्व, रेषेच्या आखणीचे नियम, दाता केसांची मर्यादा आणि शस्त्रक्रियेची सुरक्षितता यांचा परामर्श घेतला आहे. असमानतेचे कारण निश्चित झाल्याखेरीज शस्त्रक्रियेचा विचार करू नये आणि विशीच्या प्रारंभी तो शक्यतो पुढे ढकलावा, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : केशरेषा, केशरोपण, केशपुंज, दाता क्षेत्र, ताणजन्य केशगळती.

१. प्रस्तावना :

नांदेड आणि लातूर ही दोन शहरे मराठवाड्यातील शिक्षणाची केंद्रे म्हणून ओळखली जातात. नांदेड येथे १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ कार्यरत आहे, तर 'लातूर पॅटर्न'मुळे लातूरचे नाव राज्यभर पोहोचले आहे. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी आणि पुढे पदवी शिक्षणासाठी परिसरातील खेड्यापाड्यांतून हजारो विद्यार्थी या शहरांत येऊन राहतात. त्यांचे वय साधारणतः सोळा ते बावीस वर्षांचे असते. नेमक्या याच वयात पुरुषांची केशरेषा बदलू लागते. वसतिगृहातील आरशात आणि भ्रमणध्वनीच्या छायाचित्रात हा बदल लवकर लक्षात येतो, आणि 'टक्कल पडणार' ही भीती मनात घर करते. लग्नाच्या बोलण्यांत केसांचा उल्लेख होतो, मित्रमंडळीत थट्टा होते आणि काही विद्यार्थी वर्गातही टोपी काढेनासे होतात.

ही चिंता क्षुल्लक म्हणून झटकून टाकता येत नाही. मात्र तिच्यावरचा उपाय निवडताना जी माहिती हवी, ती बहुतांशी जाहिरातींतूनच मिळते. जाहिरातीत शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र असते. असमानतेचे कारण, पुढील वीस वर्षांत होणारी केसांची वाटचाल आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याची अर्हता यांबाबत तेथे फारसे काही नसते. विद्यार्थी अशा वेळी घरच्यांइतकाच विश्वास एखाद्या प्राध्यापकावर ठेवतो. म्हणूनच या विषयाची किमान शास्त्रीय माहिती महाविद्यालयीन अध्यापकांना असणे उपयुक्त ठरते.

२. केशरेषेचे नैसर्गिक स्वरूप :

केशरेषा म्हणजे कपाळाची त्वचा आणि डोक्यावरील केस यांमधील सीमा. तिला 'रेषा' म्हटले जात असले तरी प्रत्यक्षात तो सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर रुंदीचा पट्टा असतो. या पट्ट्यात अगदी पुढे बारीक, विरळ व एकेकटे केस असतात. त्यांच्या मागे केस हळूहळू दाट व जाड होत जातात. नदीचा काठ जसा दोरी लावून आखलेला नसतो, तसाच हा पट्टाही कोठे थोडा पुढे तर कोठे थोडा मागे असतो. चेहऱ्याच्या व कवटीच्या दोन बाजू कोणाच्याही तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे केशरेषेच्या दोन बाजूंत काही मिलिमीटरचा फरक असणे हे स्वाभाविक आहे.

लहान मुलांची केशरेषा खाली आणि गोलसर असते. पौगंडावस्थेनंतर, साधारणतः सतरा ते तिशीच्या दरम्यान, बहुसंख्य पुरुषांची केशरेषा सुमारे एक ते दीड सेंटिमीटर वर सरकते आणि कानशिलांजवळ किंचित खाच तयार होते. ही 'प्रौढ केशरेषा' होय. ती टकलाची सुरुवात असतेच असे नाही. हे सरकणे दोन्ही बाजूंना एकाच गतीने होत नसल्यामुळे मधल्या काळात रेषा वाकडी दिसू शकते. अशा तरुणाला उपचाराची नव्हे, तर वर्षभराने पुन्हा पाहण्याची गरज असते.

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी ८५ ते ९० टक्के केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. ही अवस्था दोन ते सहा वर्षे टिकते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांची संक्रमणावस्था आणि सुमारे तीन महिन्यांची विश्रामावस्था येऊन केस गळतो व त्याच मुळातून नवा केस उगवतो. म्हणजेच रोज काही केस गळणे हा या चक्राचाच भाग आहे. केसांची दाटी जवळजवळ निम्म्याने कमी होईपर्यंत विरळपणा सहसा डोळ्यांना जाणवत नाही. त्यामुळे खाच दिसू लागते तेव्हा तेथील प्रक्रिया बरीच आधी सुरू झालेली असते.

३. असमानतेची कारणे :

केशरेषा असमान होण्यामागे भिन्न भिन्न कारणे असतात आणि प्रत्येकावरील उपाय वेगळा असतो. त्यांतील प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) पुरुषी पद्धतीचे टक्कल : आनुवंशिक प्रवृत्ती आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक यांच्या संयुक्त परिणामाने केशमुळे क्रमाक्रमाने लहान होत जातात. जाड केसांच्या जागी बारीक लव येते व अखेरीस तीही दिसेनाशी होते. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये या टकलाच्या पायऱ्या मांडल्या आणि नॉरवुड यांनी १९७५ मध्ये त्यांत सुधारणा केली. हीच वर्गवारी आजही वापरली जाते. डोक्याच्या मागील व बाजूच्या केसांवर या संप्रेरकाचा परिणाम सहसा होत नाही.

(आ) चाई : यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच केशमुळांवर हल्ला करते व रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडतात. चट्टा केशरेषेवर पडल्यास तेथे अचानक खाच दिसते. अनेकदा केस पुन्हा उगवतात. चाई सक्रिय असताना रोपण केल्यास लावलेले केसही गळू शकतात.

(इ) ताणजन्य केशगळती : केस वर्षानुवर्षे घट्ट ओढून बांधल्यास कपाळाच्या व कानशिलाच्या कडेचे केस मागे हटतात. घट्ट वेण्या, ताणून घातलेला अंबाडा, जड गंगावन ही त्याची परिचित कारणे होत. अशा व्यक्तीत मूळ रेषेच्या जागी बारीक केसांची झालर शिल्लक राहते. ही निदानाची महत्त्वाची खूण आहे.

(ई) व्रणजन्य केशहानी : भाजणे, अपघातातील जखम, टाळूवरील दुर्लक्षित गजकर्णाचा पू झालेला प्रादुर्भाव, किंवा ल्युपस व लायकेन प्लॅनस यांसारखे त्वचाविकार यांमुळे केशमूळच नष्ट होते व त्या जागी व्रण राहतो. रजोनिवृत्तीनंतर काही स्त्रियांत संपूर्ण केशरेषाच मागे सरकत जाण्याचा विकार १९९४ मध्ये प्रथम वर्णिला गेला. तोही याच गटात मोडतो.

(उ) जन्मजात त्रिकोणी चट्टा : काही मुलांत कानशिलाजवळ जन्मापासून किंवा बालपणापासून केस नसलेला त्रिकोणी भाग असतो. तो वाढत नाही आणि औषधाने भरूनही येत नाही.

याखेरीज टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारख्या तापानंतर, बाळंतपणानंतर, रक्तक्षयात किंवा जेवण तोडून वजन घटविल्यास दोन-तीन महिन्यांनी सर्व डोक्यावरील केस एकदम गळतात. कारण दूर झाल्यावर काही महिन्यांत ते बहुधा परत येतात. मात्र या गळतीमुळे आधीची किंचित असमानता एकाएकी ठळक होते आणि घाबरलेला रुग्ण थेट शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतो.

मराठवाड्यात केसगळतीचे खापर बहुधा पाण्यावर फोडले जाते. येथील पाणीटंचाई सर्वश्रुत आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. कूपनलिकेच्या जड पाण्याने केस राठ होतात, साबण नीट निघत नाही आणि केस मध्येच तुटू शकतात हे खरे आहे. परंतु असे पाणी त्वचेखालील केशमुळाला लहान करीत नाही. ते सर्व डोक्यावर सारखेच पडत असल्यामुळे केवळ कानशिलाजवळची खाच त्याने स्पष्टही होत नाही. पाण्याला दोष देत राहिल्याने खऱ्या कारणाचा शोध लांबतो आणि औषधाने केस वाचविण्याचा काळ निघून जातो.

४. निदानाचे महत्त्व : बुलढाण्याचा अनुभव :

निदान आधी आणि उपाय नंतर हा क्रम किती आवश्यक आहे, हे मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील घटनेने दाखवून दिले. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेक व्यक्तींचे केस काही दिवसांतच मोठ्या प्रमाणावर गळाले. प्रारंभी तेथेही पाण्यावर आणि शाम्पूवर संशय घेतला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने गावांना भेट देऊन नमुने घेतले. मूळचे जालना जिल्ह्यातील आणि महाड येथे दीर्घकाळ वैद्यकसेवा केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरातील व गव्हातील सेलेनियमच्या वाढलेल्या प्रमाणाकडे लक्ष वेधले. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले.

ही घटना केशरेषेच्या असमानतेची नाही. तथापि तिच्यातून मिळणारा बोध येथे लागू पडतो. केस नसणे हे लक्षण आहे आणि ते अनेक वाटांनी येते. बुलढाण्यातील एखाद्या रुग्णाने घाईने केशरोपण केले असते, तर जे केस आपोआप परतणार होते त्यांच्या जागेवर शस्त्रक्रिया झाली असती. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाने भिंगयुक्त उपकरणाने केलेली टाळूची तपासणी, आवश्यक त्या रक्तचाचण्या आणि व्रणजन्य विकाराचा संशय असल्यास त्वचेच्या तुकड्याची तपासणी ही पहिली पायरी ठरते.

५. केशरोपणाचे तत्त्व व विकास :

केशरोपण म्हणजे नवे केस निर्माण करणे नव्हे. एका जागचे केस मुळासह काढून दुसऱ्या जागी लावणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. जपानमधील शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये व्रण पडलेल्या जागी केसयुक्त त्वचेचे लहान गोल तुकडे बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. परंतु महायुद्धामुळे ती पाश्चात्त्य जगाला बराच काळ अज्ञात राहिली. न्यूयॉर्क येथील नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडलेला सिद्धांत या शस्त्रक्रियेचा पाया ठरला. मागील भागातून काढलेला केस पुढे लावला तरी आपल्या मूळ जागेचा गुणधर्म टिकवून ठेवतो, असे त्यांनी दाखविले. यालाच दाता-प्रभावाचे तत्त्व म्हणतात. आंब्याचे कलम दुसऱ्या खुंटावर बांधले तरी फळ मूळ जातीचेच येते, तसाच हा प्रकार आहे.

त्या काळी सुमारे चार मिलिमीटर व्यासाचे तुकडे लावले जात. त्यामुळे केसांचे झुबके बाहुलीच्या डोक्यासारखे वेगवेगळे दिसत. पुढे १९८४ मध्ये हेडिंग्टन यांनी केस त्वचेतून एक ते चार अशा नैसर्गिक पुंजांनी बाहेर येतात हे सूक्ष्मदर्शकीय अभ्यासातून वर्णिले आणि हा केशपुंज रोपणाचे एकक मानला जाऊ लागला. आज केस काढण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत डोक्याच्या मागील बाजूची त्वचेची अरुंद पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे केशपुंज वेगळे केले जातात. तिला एफ.यू.टी. म्हणतात व तिच्यात एक रेषाकृती व्रण राहतो. दुसऱ्या पद्धतीत सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या नळीने एकेक पुंज सुटा काढला जातो. एफ.यू.ई. नावाची ही पद्धत २००२ नंतर वैद्यकीय साहित्यात रूढ झाली. तिच्यात लांब व्रण राहत नाही. मात्र 'व्रणच राहत नाही' हा प्रचार बरोबर नाही, कारण काढलेल्या प्रत्येक पुंजाच्या जागी सूक्ष्म व्रण राहतोच.

लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत बहुधा गळून जातात. मूळ मात्र जिवंत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस दिसू लागतात व पूर्ण परिणाम दिसण्यास नऊ ते बारा महिने, क्वचित त्याहून अधिक काळ लागतो. लग्नाच्या महिनाभर आधी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याची निराशा होते, ती या क्रमाची माहिती नसल्यामुळे.

६. असमान रेषेची आखणी :

असमान केशरेषा दुरुस्त करणे म्हणजे ती सरळ करणे, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक पट्टी लावल्यासारखी सरळ रेषा हीच कृत्रिमतेची सर्वांत ठळक खूण असते. म्हणून शल्यचिकित्सक दोन पातळ्यांवर विचार करतो. एकूण आकाराच्या पातळीवर दोन्ही बाजूंचा ठळक फरक कमी केला जातो. कडेच्या सूक्ष्म पातळीवर मात्र अनियमितता हेतुपुरस्सर ठेवली जाते. पहिल्या काही ओळींत केवळ एकेरी केसांचे पुंज लावले जातात आणि दोन-तीन केसांचे पुंज त्यांच्या मागे येतात. पुढच्या कडेला केस त्वचेशी सुमारे १५ ते २० अंशांच्या लहान कोनात, पुढील दिशेने बसवावे लागतात. कानशिलाकडे जाताना त्यांची दिशा खाली व मागे वळते. कोन चुकल्यास केस जगतात, वाढतात, पण ब्रशासारखे उभे राहतात.

भुवयांच्या मध्यापासून केशरेषेच्या मध्यबिंदूपर्यंतचे अंतर प्रौढ पुरुषात साधारणतः सात ते नऊ सेंटिमीटर ठेवले जाते. कानशिलाजवळची खाच पूर्ण बुजविली जात नाही, कारण प्रौढ पुरुषाच्या चेहऱ्याला ती शोभून दिसते. स्त्रियांमध्ये मात्र रेषा गोलसर ठेवली जाते. रुग्णाला आरशासमोर बसवून, रेषा पेन्सिलीने आखून आणि थोडे दूर उभे राहून ती पाहणे हा या नियोजनाचा अत्यावश्यक भाग आहे. केवळ मापाने काढलेली सममिती असमान कवटीवर तिरकी दिसू शकते.

७. मर्यादित साठा आणि वयाचा प्रश्न :

या शस्त्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे दाता क्षेत्राची मर्यादा. सामान्यतः एका व्यक्तीच्या डोक्याच्या मागील व बाजूच्या भागातून आयुष्यभरात सुमारे चार ते सहा हजार केशपुंज सुरक्षितपणे काढता येतात. तेथून काढलेला पुंज पुन्हा उगवत नाही. ही व्याज न मिळणारी ठेव आहे. एकदा खर्च झाली की भरून निघत नाही.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. कानशिलाजवळील आठ चौरस सेंटिमीटरची खाच दर चौरस सेंटिमीटरला ४० पुंज या दाटीने भरावयाची झाल्यास ३२० पुंज लागतात. हा खर्च माफक आहे. परंतु एखाद्या तरुणाने पंधरा सेंटिमीटर रुंदीची संपूर्ण केशरेषा दोन सेंटिमीटर खाली आणण्याचा आग्रह धरला, तर ३० चौरस सेंटिमीटरसाठी १,२०० पुंज खर्ची पडतात. हा तरुण एकवीस वर्षांचा असेल आणि त्याच्या वडिलांप्रमाणे त्याचेही टक्कल पुढे वाढत जाणार असेल, तर पस्तिशीत लावलेली पुढची रेषा तशीच राहते, तिच्या मागचे मूळचे केस जातात आणि मध्ये रिकामा पट्टा तयार होतो. तो भरण्यास व शेंडीच्या जागेसाठी पुरेसे केस शिल्लक नसतात. विशीत दुरुस्त केलेली असमानता अशा रीतीने चाळिशीत अधिक मोठी असमानता होऊन समोर येते.

याच कारणास्तव अनेक तज्ज्ञ पंचविशीपूर्वी रोपण टाळण्याचा आणि प्रथम औषधोपचाराने गळती स्थिर करण्याचा सल्ला देतात. बाहेरून लावण्याचे मिनॉक्सिडिल आणि पुरुषांसाठी तोंडाने घेण्याचे फिनास्टेराइड ही औषधे त्यासाठी वापरली जातात. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत लैंगिक तक्रारी व मानसिक उदासीनता आढळते, म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. शस्त्रक्रियेनंतरही न लावलेले मूळचे केस टिकविण्यासाठी औषध चालू ठेवावे लागते, ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक आहे. व्रण, जन्मजात त्रिकोणी चट्टा किंवा थांबलेली ताणजन्य गळती यांत मात्र पुढील वाढीची भीती कमी असते. अशा मर्यादित असमानतेत केशरोपणाचा परिणाम समाधानकारक मिळू शकतो. व्रणाच्या जागी रक्तपुरवठा कमी असल्यामुळे काही केस जगत नाहीत आणि त्वचाविकार पूर्ण शांत होऊन पुरेसा काळ गेल्याशिवाय रोपण केले जात नाही, एवढी मर्यादा तेथेही आहे.

८. सुरक्षितता आणि नियमन :

केशरोपण स्थानिक भूल देऊन केले जाते आणि योग्य हातांत ते सामान्यतः सुरक्षित असते. तरीही ती शस्त्रक्रियाच आहे. भुलेसाठी वापरल्या जाणाऱ्या लिग्नोकेनची कमाल मात्रा ॲड्रिनॅलिनसह दर किलो वजनास सुमारे सात मिलिग्रॅम मानली जाते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्के द्रावणाचे केवळ २१ मिलिलीटर एवढीच ही मर्यादा होते. दीर्घ सत्रात पुन्हा पुन्हा टोचताना हा हिशेब सुटला, तर आकडी येणे, हृदयाची गती बिघडणे असे प्राणघातक परिणाम संभवतात. औषधाची तीव्र प्रतिक्रिया आणि जंतुसंसर्ग हे धोकेही लक्षात घ्यावे लागतात.

मुंबईत मार्च २०१९ मध्ये ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच दीर्घ सत्रात नऊ हजारांहून अधिक केसांचे रोपण झाल्याचे आणि तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रियेचा संशय असल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. दिल्लीतील एका मृत्यूच्या प्रकरणात २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने अशा केंद्रांवरील नियंत्रणाबाबत चिंता व्यक्त केली. २०२५ मध्ये कानपूर येथे केशरोपणानंतर झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात एका दंतवैद्यक पदवीधराविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्य शस्त्रक्रिया व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकानेच ती करावी; प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोगशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणात असे प्रशिक्षण अंतर्भूत असते; कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर शस्त्रक्रिया पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. शस्त्रक्रियेचे ठिकाण नोंदणीकृत असावे आणि तेथे अतिदक्षता विभाग असावा किंवा तसा विभाग असलेल्या रुग्णालयाशी व्यवस्था केलेली असावी, हीही अपेक्षा आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही सौंदर्यासाठीचे आणि हानी भरून काढण्यासाठीचे केशरोपण यांत भेद केला जातो. २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या अधिसूचनेत आरोग्यसेवेला करमाफी आहे. केशरोपण व सौंदर्य शस्त्रक्रिया तीतून वगळल्या आहेत. मात्र जन्मजात दोष, विकासातील विकृती, इजा किंवा अपघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया या वगळणुकीत येत नाही. भाजल्यामुळे केशरेषा गमावलेल्या रुग्णाने देयक तपासताना हा भेद ध्यानात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. म्हणून लेखी संमतिपत्र, लावलेल्या पुंजांची संख्या, वापरलेली औषधे व शस्त्रक्रिया करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक यांची प्रत रुग्णाने मागून घेणे हिताचे असते.

९. नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात :

या परिसराची काही वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहेत. नांदेड हे सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे शीख समाजाचे महत्त्वाचे धर्मक्षेत्र आहे. केशधारी शीख पुरुषांत घट्ट बांधलेल्या जुड्यामुळे कपाळाच्या व कानशिलाच्या कडेचे केस मागे हटण्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. जुडा सैल बांधणे व त्याची जागा अधूनमधून बदलणे या उपायाने केसांचे धार्मिक पावित्र्य बाधित होत नाही आणि आरंभीच्या अवस्थेत केस परतही येतात. शस्त्रक्रियेत मात्र दाता भागातील केस कापावे लागतात. तो निर्णय संबंधित व्यक्तीने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावयाचा आहे; वैद्याने ही बाब आधी उघडपणे सांगणे एवढेच त्याचे कर्तव्य ठरते. शाळकरी मुलींच्या ताणून घातलेल्या वेण्यांनाही हाच नियम लागू आहे. केस विंचरताना कपाळ दुखणे ही ताण अधिक असल्याची खूण समजावी.

दुसरी बाब सल्ल्याच्या उपलब्धतेची आहे. नांदेड येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था या दोन्ही संस्था याच परिसरात आहेत. शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात निदान अल्प खर्चात होऊ शकते. पुणे, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर येथे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने हे निदान करून घेतल्यास बहुतेकांचा प्रश्न औषधाने किंवा केवळ थोडी वाट पाहून सुटू शकतो.

तिसरी बाब पैशाची आहे. केशरोपणाचे शुल्क बहुधा पुंजांच्या संख्येवर आकारले जाते आणि सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विम्याचे संरक्षण सामान्यतः नसते. संख्येवर शुल्क असल्यामुळे अधिक पुंज लावण्याकडे कल होण्याचा संभव असतो. शेतीच्या उत्पन्नावर किंवा हप्त्यांवर शिक्षण चालणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याने हप्त्यांच्या योजनेला भुलून हा खर्च अंगावर घेऊ नये, असे त्याला वेळीच सांगणारा कोणीतरी असावा लागतो. केसांवरून होणारी थट्टा वर्गात व वसतिगृहात खपवून न घेणे, आणि केसांच्या चिंतेने एखादा विद्यार्थी अबोल किंवा गैरहजर राहू लागल्यास त्याला समुपदेशकाकडे पाठविणे, ही जबाबदारी महाविद्यालयाकडेच येते.

१०. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) केशरेषेतील किंचित असमानता नैसर्गिक आहे, सतरा ते तिशीच्या दरम्यान होणारे तिचे सरकणे हा प्रत्येक वेळी रोग नसतो.

२) असमानतेची कारणे भिन्न असल्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान झाल्याखेरीज केशरोपणाचा निर्णय घेऊ नये.

३) व्रण, जन्मजात चट्टा व स्थिरावलेली ताणजन्य गळती यांत केशरोपण उपयुक्त ठरते; वाढत्या टकलात ते औषधोपचार व दीर्घकालीन नियोजनासहच करावे.

४) दाता केसांचा साठा मर्यादित व पुन्हा न भरणारा असल्यामुळे विशीच्या प्रारंभी केशरेषा खाली आणण्याची शस्त्रक्रिया टाळणे श्रेयस्कर आहे.

५) शस्त्रक्रिया करणाऱ्याची अर्हता, नोंदणी व तातडीच्या उपचारांची सोय यांची खातरजमा करणे हा रुग्णाचा अधिकार आहे.

केशरोपण हे उपयुक्त शास्त्र आहे आणि योग्य रुग्णाला त्याने आत्मविश्वास परत मिळतो, यात शंका नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याला आज त्याची घाई झाली आहे, त्याच्या हिताची गोष्ट बहुधा एवढीच असते की त्याने आधी तपासणी करून घ्यावी, गळती थांबवावी आणि आपल्या डोक्यामागचा साठा पुढील वयासाठी राखून ठेवावा. हा सल्ला त्याला वेळेवर आणि त्याची थट्टा न करता मिळाला, तर एक चुकीची शस्त्रक्रिया टळू शकते.